धुऊ नकोस

"माशांच्या चालू टाकीतला जुना फिल्टर आहे ना तुझ्याकडे?" दाराबाहेर उभ्यानेच त्याने विचारलं.

ना कशी आहेस, ना काही. मी नुकती दवाखान्यातून ड्यूटी करून आले होते, नर्सचे कपडेही अंगावरच होते. हा माझा पूर्वीचा नवरा. तेव्हा मी त्याला अहो म्हणायचे. घटस्फोटाचा कागद हातात पडला त्या दिवसापासून अरे म्हणते. तेवढाच काय तो फायदा.

"कशाला हवाय?"

"मोठी टाकी पुन्हा चालू करतोय. दुकानदार म्हणतो, नव्या फिल्टरवर मासे लगेच सोडले तर मरतात, महिनाभर थांबा. जुन्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज घातला तर लगेच चालतं. पिल्लू शनिवारी येतेय ना."

पिल्लू म्हणजे आमची मुलगी. राहते माझ्याकडे, शनिवार-रविवार त्याच्याकडे. मोठी टाकी घर सोडताना यानेच उचलून नेली आणि माळ्यावर टाकली. आता आठवण झाली, कारण पोरगी तिथे कंटाळते आणि रविवारी दुपारीच परत येते. ती रमावी म्हणून मासे, आणि मासे जगावेत म्हणून मी! आहे की नाही कमाल?

आत गेले. माझ्या छोट्या टाकीच्या फिल्टरमध्ये दोन स्पंज आहेत, त्यातला एक काढला. काळपट, बुळबुळीत. माशांची घाण पचवणारे जंतू त्या काळ्या थरातच असतात. ते मेले की पाण्याचं विष होतं. गरम पाण्याचा नळ हाताशी होता. स्पंज एकदा त्याखाली धरला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पोरगी नेहमीसारखी दुपारी परत आली असती. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

पण मासे पोरीचे होते. टाकीतलंच पाणी डब्यात भरलं, स्पंज त्यात बुडवला आणि झाकण लावून नेऊन दिला.

"धुऊ नकोस हं," मी बजावलं. "कितीही घाण दिसला तरी तसाच घाल."

त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला आणि जिना उतरला.

रविवारी पिल्लू सकाळीच परत आली. रडून डोळे सुजलेले.

"सगळे मेले, आई. तू त्यात काय घातलं होतंस?"

"मी? अगं, मी काय घालणार?"

"बाबा म्हणाले, ती नर्स आहे, नाही नाही ती औषधं असतात तिच्याकडे. म्हणून त्यांनी आधीच उकळत्या पाण्यात साबण लावून स्पंज धुतला होता. तरी मेले."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिला जवळ बसवलं, सगळं समजावलं. उकळत्या पाण्याने जंतू कसे मेले, साबणाने मासे कसे मरतात, मी धुऊ नकोस म्हणून किती बजावलं होतं, सगळं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"बाबा म्हणाले होते, तू असंच म्हणशील."

करून सवरून हा नामानिराळा. पोरगी उपाशीच आली असणार, म्हणून दूध तापवलं, साखर घातली आणि ग्लास तिच्यापुढे ठेवला.

तिने ग्लास उचलला, नाकाजवळ नेऊन वास घेतला, आणि मग एक छोटासा घोट प्यायली.