बरणीला कान

कात्री बोथट झाली होती, तरी सुसाना थांबली नाही. पांगाऱ्याच्या खोडावर चढलेल्या द्राक्षवेलीची एकेक पिकलेली काडी ती तिच्यावरचे अंकुराचे डोळे मोजून तोडत होती. चार डोळे ठेवायचे, पाचव्याच्या आधी कात्री. पाठीला झोळीत बांधलेली तिची लेक मंगळी तिच्या केसांची बट मुठीत धरून हिसडे देत होती आणि दर हिसड्याला सुसानाची मान मागं जात होती. पायाशी पानांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता.

तिची सासू हिरीबाई उंबऱ्याशी नागली पाखडत बसली होती. सूप हातातच राहिलं तिच्या.

"जित्या वेलीला असं बोडकं करतात का ग?"

"त्यांनी लिहिलंय, आई. आश्विनात छाटायची. हिला गोडी छाटणी म्हणतात. पाला गेल्याशिवाय घड धरत नाही."

"त्यानं लिहिलंय." हिरीबाईने सूप आपटलं. "त्याच्या लिहिण्यानंच तर घराला हा घोर लागलाय."

सुसाना पुढच्या काडीकडे वळली. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकू लागलं होतं. छाटल्यावर वेल रडते, घाबरू नकोस, असंही तिच्या नवऱ्याने, याकूबने, लिहिलं होतं. तिने एक थेंब बोटावर घेऊन मंगळीच्या ओठाला लावला. मंगळीने तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा जीभ काढली.

याकूब पुण्याला शेतकीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. चिंचपाड्याच्या आजूबाजूच्या टेकड्यांतून युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसलेला तो पहिलाच. मिशनच्या बोर्डिंगात मॅट्रिक होईपर्यंत साऱ्या गावाला वाटत होतं, पोरगा मास्तर होईल. तो म्हणाला, मला द्राक्षं शिकायची आहेत. कुठल्याशा सुट्टीत नाशकाकडून दोन काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला आणि अंगणातल्या पांगाऱ्याशी लावल्या. एक मेली, एक जगली. आपल्या टेकडीच्या उतारावर बाग करायची, आणि ती शिकूनसवरून करायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. लग्नानंतर ते सुसानाच्याही डोक्यात शिरलं. जाताना त्याने तिला कात्री दिली होती. दुसऱ्या बायकांना नवरे बांगड्या देतात.

आता गावात अशी रीत होती की बाहेरून आलेलं पत्र एका घराचं नसायचं. रविवारची उपासना झाली की मंडळी बसून राहायची, आणि ज्याच्या घरी पत्र आलं असेल त्याने ते उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचं. अक्षर येणारे चार, ऐकणारे चाळीस. याकूबची पत्रं सुसानाच वाचायची. पुस्तकी मराठी वाचत वाचत घरच्या बोलीत सांगत जायची आणि एक ओळ गाळायची नाही. गाळून वाचणं म्हणजे खोटं वाचणं, असं तिला मिशनच्या शाळेत शिकवलं होतं. तिथेच तिचं चुकलं.

तीन रविवारांपूर्वीच्या पत्रात याकूबने लिहिलं होतं की यंदा द्राक्षाच्या रसाचं शिकवतात. रस बरणीत भरून ठेवला की आंबतो आणि त्याची दारू होते. प्रत्येकाला एकेक बरणी दिली आहे, तिच्यावर परीक्षेचे गुण आहेत. माझी बरणी नवव्या दिवशी आंबट झाली. सर म्हणाले, हा शिरका झाला, पुन्हा कर.

मंडळीत इतकी शांतता झाली की बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडली ती सगळ्यांनी ऐकली.

कारण या गावाने दारू सोडली होती ती काही हसतखेळत सोडली नव्हती. सुसानाचा सासरा शमुवेल तेव्हा चार गावांत मोहाची काढण्यात पहिल्या नंबरचा. पाहुणेरावळे त्याच्या हातची म्हटलं की दोन कोस चालत यायचे. सोळा वर्षांपूर्वी त्याने स्वतःची मडकी स्वतःच्या अंगणात, जिथं आता पांगारा होता तिथंच, एकेक करून फोडली. त्यानंतर त्याने कधी मोहाच्या झाडाखालची वाटही धरली नाही. म्हणूनच तो मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पुढारी, झाला होता. आणि त्याचाच पोरगा पुण्याला जाऊन दारू शिकत होता.

संध्याकाळी शमुवेल शेतावरून आला. उघड्या पडलेल्या वेलीकडे त्याने पाहिलं, मग सुनेच्या हातातल्या कात्रीकडे.

"उद्या कागद आहे," तो म्हणाला.

तिला ठाऊक होतं. दर वर्षी या दिवसांत मिशनच्या साहेबाकडे एक कागद जायचा, की हा मुलगा आमच्या मंडळीचा, चालीचा चांगला, याला शिकवावं. त्यावर अंगठे लागायचे. पहिला शमुवेलचा. तो उठला की बाकीचे उठायचे, तो बसून राहिला की कुणी हलायचं नाही. कागद गेला नाही तर पुण्यातल्या मिशन-बोर्डिंगातली खाट गेली आणि कॉलेजही गेलं.

"पत्र लिहून ठेव," शमुवेल म्हणाला. "परत ये म्हणावं. लोकांपुढे आपलं हसं होण्याआधी आपणच बोलावलेलं बरं."

"मी नाही लिहिणार, बाबा."

हिरीबाईचा हात सुपावर थांबला.

"शाळेच्या मास्तरकडून लिहून घेईन," शमुवेल म्हणाला.

"घ्या. माझ्या हातून ते अक्षर निघायचं नाही."

शमुवेलने पाय धुतले. पाण्याचा तांब्या नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उपासना संपली आणि मास्तरने तो कागद मेजावर ठेवला. शेजारी अंगठ्यांसाठी निळ्या शाईची डबी. धनसिंग उठला. त्याचं घर शमुवेलच्या शेजारी, शेताचा बांधही एकच, आणि बोलायला लागला की समोरच्याला दुखेल तिथंच बोट ठेवायची त्याला सवय.

"मी म्हणतो, एवढ्यासाठी पोराला पुण्याला कशाला धाडलं?" तो म्हणाला. "घरात मोठा गुरू असताना? शमुवेलने मांडी घालून बसवलं असतं तर आठ दिवसांत शिकून झालं असतं."

पुरुषांच्या बाजूला दोघंतिघं हसले. बायकांत रमिलाबाईने पदर तोंडाला लावला. शमुवेल जमिनीकडे बघत बसून होता. त्याच्या मानेची शीर तेवढी हलली.

सुसाना मंगळीला पाजत होती. तिने पदर सावरला आणि पोरीला तशीच छातीशी धरून उभी राहिली. मंडळीत बाई उठायची ती फक्त पत्र वाचायला. तिच्या हातात आज पत्र नव्हतं.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "प्रभुभोजनाच्या प्याल्यात, प्रभूचं रक्त म्हणून आपण पितो त्यात, काय असतं?"

धनसिंगने मास्तरकडे पाहिलं. मास्तर म्हणाला, "मनुकांचं पाणी. सगळ्यांना माहीत आहे."

"मनुका कुठून येतात?"

"नवापूरहून. उत्तमचंद शेटच्या दुकानातून."

"शेटच्या झाडाला लागतात?"

यावर कुणी हसलं नाही, पण रमिलाबाईचा पदर खाली आला.

"कुठल्या तरी मुलखात कुणीतरी ती वेल लावली," सुसाना म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याचाच तिला राग येत होता. "छाटली, राखली, घड सुकवले. तो माणूस प्यायचा की नाही, कुणाच्या पाया पडायचा, हे कुणी विचारलंय? त्याच्या हातचं आपण मेजावर ठेवतो आणि डोळे मिटतो. आपल्या घरचा माणूस तेच शिकायला गेला, तर तो दारुड्या. गूळही आंबतो, धनसिंगकाका. तुम्ही ऊस लावायचा सोडलात का?"

"सून फार शिकलेली आणलीस, शमुवेल," धनसिंग म्हणाला.

"आपल्या मिशनच्या शाळेनंच शिकवलं," सुसाना म्हणाली. "ओळ गाळू नको म्हणून. ती एक ओळ मी गाळली असती, तर आज सगळ्यांनी हसत हसत अंगठे दिले असते. मी गाळली नाही. पुढच्या वेळीही गाळणार नाही. आणि त्यांना परत ये म्हणून लिहिणारही नाही. अंगठे नाही दिलेत तर मी हिला पाठीला बांधून पुण्याला जाईन, लोकांची धुणी धुईन, पण हे शिकणं अर्धं राहू देणार नाही."

मंगळीने तेवढ्यात भोकाड पसरलं. सुसाना वळली आणि मधल्या वाटेने, पुरुषांच्या समोरून, बाहेर पडली. बाहेर आल्यावर तिने कुडाला हात टेकला आणि पोरीच्या डोक्यावर गाल ठेवून उभी राहिली.

"झालं ग," ती म्हणाली. "झालं, झालं." कोण कुणाला समजावत होतं देव जाणे.

शमुवेल उन्हं कलल्यावर घरी आला. मधला वेळ कुठे होता, ते त्याने सांगितलं नाही आणि हिरीबाईने विचारलं नाही. तो सरळ पांगाऱ्याशी गेला आणि बुंध्याला पाठ लावून बसला. डावी मूठ मिटलेली, गुडघ्यावर. वरून वेलीचं पाणी मधूनच त्याच्या खांद्यावर ठिबकत होतं. तो सरकला नाही.

सुसाना मनाशी बोलणं जुळवत होती. सोमवारच्या गाडीला निघायचं तर नागलीच्या भाकरी किती लागतील, मंगळीची दुपटी कशात बांधायची.

"ते पत्र आण," शमुवेल म्हणाला.

तिने आणलं. फाडायला मागत असेल तर द्यायचं नाही, असं ठरवून दोन्ही हातांनी धरलं.

"बरणीचं वाच."

तिने वाचलं. एक अक्षर मऊ न करता, दारू होते हेसुद्धा, मंडळीत वाचलं होतं तसंच.

"बरणीच्या तोंडाला काय बांधलं होतं?"

सुसानाने मान वर केली. "लिहिलेलं नाही. पुढं एवढंच आहे की फेस सातव्या दिवशी बसला. नवव्या दिवशी उघडली."

"दोन दिवस काय करत होता?"

"बाबा?"

"फेस बसल्यावर दोन दिवस कशाची वाट बघत होता?" शमुवेलच्या आवाजात चीड होती, पण ही चीड तिने आजवर ऐकलेली नव्हती. "डोळ्यानं बघत बसला असणार. डोळ्याला कळतं होय ते? मडक्याला कान लावायचा असतो. आत बारीक बोलणं चालू असतं, चुलीवर भात शिजतो ना, त्याच्याहून बारीक. ते बोलायचं थांबलं की त्याच घटकेला हात घालायचा. सकाळवर टाकलं की आंबट. लहानपणापासून तसाच आहे. गाय व्याली तरी हा बघत उभा."

हिरीबाई दारात येऊन उभी राहिली होती. सोळा वर्षांत नवऱ्याच्या तोंडून मडकं हा शब्द तिने ऐकला नव्हता.

"लिही," शमुवेल म्हणाला. "म्हणावं, कान लाव. पहाटे लाव, तेव्हा आजूबाजूला आवाज नसतो. आणि पुण्याला थंडी पडली असेल, तर सातवर अडून बसू नको, जास्त दिवस लागतील."

सुसानाने दौत आणली, ओट्यावर कागद ठेवला. लिहिताना 'कान'वर शाईचा ठिपका पडला. तो तिने पुसला नाही. सगळं लिहून झाल्यावर ती तशीच बसून राहिली.

"हे त्यांच्या उपयोगी पडेल," ती हळूच म्हणाली, "ते तिथं राहिले तर."

शमुवेलने वर वेलीकडे पाहिलं. पाठीवरून उतरवलेली मंगळी रांगत रांगत त्याच्या पायाशी गेली होती. तिचं बाप्तिस्म्याचं नाव अजून ठेवायचं होतं, ते बाप शिकून आला की ठेवायचं होतं. मंगळवारी जन्मली म्हणून तोवर मंगळी. तिने आजोबाच्या मिटलेल्या मुठीवर थाप मारली. शमुवेलने मूठ उघडली, पोरीला उचलून मांडीवर घेतलं, आणि तिच्या गालावर पडलेला वेलीचा थेंब अंगठ्याने पुसला.

थेंब गेला. गालावर त्याच्या अंगठ्याचा निळा डाग तेवढा उमटला.