लोणीची बाजू, पेठची बाजू

"आपलाच ढोल बघायला एसटीनं जुन्नरला जायचं. ह्याच्यापरास येडेपणा न्हाई बघितला मी."

अण्णा हे कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते. मी त्यांच्या मागच्याच सीटवर, पुढची दांडी धरून वाकलेली, म्हणून माझ्या कानात पडलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी ऐकलंच नाही असं केलं. मंचर सोडल्यापासून ही पाचवी वेळ.

अण्णा म्हणजे माझे सासरे, धर्माजी मास्तर. लोणीच्या ब्रास बँडचे मालक आणि कलार्नेटवाले. बँड बंद पडून नऊ वर्षं झाली, मास्तरपण मात्र चालूच आहे. आज त्यांनी ठेवणीतली टोपी काढली होती आणि बँडच्या डगल्यावरचा पितळी बिल्ला सदऱ्याला लावला होता. वेडेपणाच होता तर बिल्ला कशाला, हे विचारायची माझी छाती नव्हती.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी पुण्याहून श्रेया नावाच्या एका मुलीचा ह्यांना फोन आला. ग्राफिक डिझाइन शिकलेली मुलगी. ती आणि तिचे सोबती आपल्या जुन्नर-आंबेगावात हिंडून हातानं रंगवलेल्या पाट्या, जुन्या बँडचे फलक, बिल्ले, पोस्टरं असलं काहीबाही जमवत होते. त्याचं प्रदर्शन जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात भरणार होतं.

"तुमचा ढोल सापडलाय सर," ती म्हणाली. "नारायणगावच्या एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या माळ्यावर होता. खाली कोपऱ्यात 'सयाजी आर्ट, लोणी' असं लिहिलंय. ते तुम्हीच ना?"

हे "हो" म्हणाले. आता ह्यात खोटं काही नाही. सयाजी हेच. आर्ट तेवढी माझी.

लग्न होऊन लोणीला आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर, म्हणजे बँडचा सीझन तोंडावर, आणि ढोल रंगवणारा पेंटर आलाच नाही. ढोलाचं पान, म्हणजे ज्याच्यावर टिपरू पडतं ती गोल बाजू, कोरी करकरीत. मी गोठ्यात बसून ते रंगवून टाकलं. शिकवलं कुणी नव्हतं. माहेरी भिंतीवर खताच्या जाहिराती रंगवणाऱ्याच्या मागं तासन् तास उभी राहायचे, तेवढंच शिक्षण. खडूत दोरा बुडवून ताणून मारायचा, रेघ उमटते. अक्षराला डाव्या अंगानं सावली द्यायची. दोन मोर काढले, मधे 'लोणी' लाल रंगात.

अण्णांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं. मग म्हणाले, "झ्याक झालंय. पर बाईनं रंगवलेला ढोल म्हणल्यावर पेठवाले हसत्याल. खाली सयाजीचं नाव टाक."

टाकलं. सुबक अक्षरात टाकलं. त्यानंतर ह्यांना गावात सगळे पेंटर म्हणायला लागले. ह्यांना आयुष्यात दुसरी कुठली पदवी मिळाली नाही, त्यामुळे ती काढून घेणं माझ्याही जिवावर आलं. त्या मोरांत कुठं तरी माझं एखादं अक्षर लपवून ठेवलं असेल असं वाटत असेल तर तसंही नाही. तेवढी हुशारी मला सुचली नाही.

आता दुसरी गोष्ट, जी आमच्या घरात बोलतच नाहीत. पेठचा बँड दादाभाऊंचा. लोणी आणि पेठ म्हणजे हाडवैर, असं सगळा तालुका धरून चालायचा. आमची पोस्टरंच तशी असायची. पण पोरं नोकऱ्यांना लागली, वाजवणारे कमी झाले, आणि शेवटची चार वर्षं दोन्ही बँड मिळून माणसं होती तेरा. ढोल एक. एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला पेठ. ज्याची सुपारी त्याचं तोंड पुढं, मागच्या बाजूवर मखमलीची झूल घट्ट बांधायची. डगले बदलायचे. पेठची बाजूही मीच रंगवली, खाली सवयीनं तेच नाव. आमची मनी मांजर समोर बसवून दोन सिंह काढले.

हे चार वर्षं खपलं. मग अवसरी खुर्दला एका लग्नात नवरदेवाकडच्यांनी लोणीचा बँड ठरवला आणि नवरीकडच्यांनी ईर्षेनं पेठचा. अण्णा आणि दादाभाऊंनी दोन्ही सुपाऱ्या घेतल्या. वेशीपासून मांडवापर्यंत लोणी होऊन वाजवलं, जनरेटरच्या मागं जाऊन डगले बदलले, ढोल फिरवला, पेठ होऊन बाहेर आले. झूल बांधायची राहिली. नवरीच्या मामानं मागून मोर बघितले. "ढोल मागून आणलाय," म्हणून वेळ मारून नेली. पण झूल कुणी बांधायची होती, ह्यावरून दोघा म्हाताऱ्यांचं जे वाजलं, ते बँडपेक्षा जास्त वेळ वाजलं. ढोलाचं कडं त्याच दिवशी निसटलं होतं. ढोल नारायणगावला दुरुस्तीला टाकला आणि आणायला कुणीच गेलं नाही, कारण जो आधी जाईल त्याला ढोल कुणाचा ते सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून खंडेनवमीला आम्ही कलार्नेटची पूजा करतो, आणि ढोलाच्या जागी सुपारी मांडतो. सुपारीला हळदकुंकू अण्णा स्वतः वाहतात.

कार्यालयाच्या गेटपाशी अण्णा थांबले.

"काय झालं?" हे म्हणाले.

"काय न्हाई. सवय. आमी हितवरच असायचो. आत वऱ्हाड."

आत गेलो आणि मला काही कळेना. अण्णांना कळेना. ह्यांना तर घरूनच कळत नव्हतं. पुरुषभर उंचीचा एक 'ण' भिंतीवर एकटाच टांगलेला.

"ह्याचं पुढचं अक्षर कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"तेवढंच आहे," बाजूची बाई हळू आवाजात म्हणाली.

"मंग वाचायचं काय?"

"बघायचं."

अण्णांनी बघितलं. टोपी सारखी केली आणि परत बघितलं. पुढं एका काचेखाली कुणाच्या तरी बँडच्या डगल्याची पाच बटणं ओळीनं मांडलेली होती आणि त्यावर अर्धं पान मजकूर. मी वाचला. दोनदा वाचला. मराठीच होता.

आणि मग ढोल दिसला. समोरच्या भिंतीवर, उजेडात, पेठची बाजू पुढं. माझे सिंह. इतक्या वर्षांनी ते बघून कौतुक वाटलं की धास्ती, मला आजही नीट सांगता येणार नाही.

अण्णांनी चपला काढल्या. वाद्यापुढं चपला घालून उभं राहायचं नाही, ही बँडवाल्यांची रीत. काढताना त्यांचं लक्ष गेलं, तिथं आधीच एक जोड काढून ठेवलेला. कातडी, टाचेला टायरचा तुकडा.

"दाद्या आलाय," अण्णा म्हणाले.

खांबाआडून दादाभाऊ पुढं झाले. वाळून अर्धे झालेले, पण मिशा तशाच. सदऱ्याला पितळी बिल्ला. नऊ वर्षांनी समोरासमोर आलेली ही दोन माणसं एकमेकांच्या तोंडाकडं न बघता एकमेकांच्या बिल्ल्याकडं बघत उभी राहिली.

"मास्तर."

"हं."

एवढंच. तेवढ्यात काय झालं, चपलांचे दोन जोड बघून पुण्याहून आलेल्या चार मुलामुलींना वाटलं की इथं तसा नियमच आहे. त्यांनीही बूट काढले. मग त्यांच्या मागच्यांनी. बघता बघता ढोलापुढं देवळासारखा ढीग झाला आणि सगळे हात पुढं बांधून गंभीर उभे.

श्रेया धावतच आली. बारकी, चष्मेवाली, गळ्यात ओळखपत्र. "अहो, बूट काढायची गरज नाही! कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणीच घालेना.

"तुम्ही सयाजी सर!" तिनं ह्यांना ओळखलं. "किती वाट बघत होते. उद्या आमचं पुस्तक छापायला जातंय. ढोलाला दोन पानं आहेत, तुमच्या नावासकट. मला फक्त थोडं विचारायचंय."

ढोलाखालची चिठ्ठी मी वाचली. 'चित्रकार: सयाजी, लोणी. सिंहांच्या मुद्रेवरचा घरगुती, काहीसा सुस्त भाव जाणीवपूर्वक आणलेला असून सत्तेच्या प्रतिमेची ती सौम्य थट्टा आहे. मागील बाजूस मखमली आवरण, बहुधा नाद मंद करण्यासाठी.'

पुस्तकात जाणार. छापून. आजवर ते नाव ढोलावर होतं, गोठ्यात होतं, माळ्यावर होतं, तोवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले होते. आता उद्या ते छापलं जाणार म्हटल्यावर खरं काय ते ओठांवर आलं. एक वाक्य तर बोलायचं होतं. ह्यांच्याकडं बघितलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, कुणी सर म्हणालं म्हणून कान लाल झालेले. वाक्य परत खाली गेलं.

"सर, हा भाव तुम्ही मुद्दाम आणला ना?" श्रेयानं वही उघडली.

"भाव?" हे म्हणाले.

"सिंहाचा."

"ते... मांजर हाय."

"मांजर!" तिनं लिहून घेतलं. चारजण कौतुकानं हसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बुडणारा माणूस काठाकडं बघतो तसं. मी पदर सारखा केला.

"पोरी," अण्णा मधेच म्हणाले, "ह्यो ढोल आमचा हाय. आज न्यायला आलोय आमी."

"आमचा," दादाभाऊ म्हणाले. "नाव वाच की. पेठ."

"नावावर जाऊ नको."

"मंग कशावर जायचं, मास्तर? मिशीवर?"

श्रेया गोंधळली. "आजोबा, प्रदर्शन आज संपतंय आणि ज्याची वस्तू त्याला आम्ही परत देतोच. पण नाव पेठचं आहे. खरं म्हणजे मलाही एक कळलं नाहीये. पेठ आणि लोणीचं एवढं वैर, तुमची पोस्टरं त्या भिंतीवर आहेत, 'हिंमत असेल तर समोर या' वगैरे. मग पेठचा ढोल लोणीच्या पेंटरनं कसा रंगवला?"

दोघांनी आपापले बिल्ले सारखे केले. हे चपलांच्या ढिगाकडं बघायला लागले, आपली कुठली ते शोधत असल्यासारखे. मी 'ण'कडं बघत बसले. तेरा माणसांनी सांभाळलेली गोष्ट, आणि ही चष्मेवाली पोर सरळ तिच्यावरच बोट ठेवून उभी.

"खाली घ्या त्यो," अण्णा म्हणाले.

"मास्तर," दादाभाऊ हळूच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की. लोकं हायेत."

"आता कुणाची सुपारी जाणार हाय, दाद्या?"

दादाभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे नऊ वर्षांनी तुमीच सोडणार झूल."

"तवा बांधली न्हाई, आता सोडतो."

दोन मुलांनी ढोल उतरवला. अण्णा खाली बसले. दोरीची गाठ त्यांच्या हातची नव्हती, दादाभाऊंच्या हातची होती. दुरुस्तीला टाकताना त्यांनीच बांधली असणार. अण्णांना ती सुटेना. दादाभाऊ शेजारी बसले, म्हणाले, "डावीकडून, राव," आणि दोघांच्या वीस बोटांनी ती सुटली.

मखमल खाली पडली. मोर जसेच्या तसे. उजेड न लागल्यामुळं निळा असा ताजा, की कालच हात फिरवला असावा.

"लोणी," कुणी तरी वाचलं.

श्रेया गुडघ्यावर बसली. ढोल फिरवून सिंह बघितले, परत फिरवून मोर बघितले. "म्हणजे एकच ढोल? दोन्ही बँड एकच?"

"तेरा माणसं व्हती, पोरी," दादाभाऊ म्हणाले. "एवढ्यात दोन बँड कुठं बसवायचं?"

कुणी तरी हसलं, मग बरेच हसले, आणि दादाभाऊ सगळ्यांत मोठ्यानं. अण्णा हसले नाहीत. ते मोरांवरून तळवा फिरवत होते, अक्षराच्या सावलीवरून, डाव्या अंगानं.

श्रेयानं वही वळवली. "सर, मग हे तर फारच महत्त्वाचं आहे. दोन वैरी बँड, आणि दोन्ही चेहरे एकाच हातानं! पुस्तकात हेच जायला पाहिजे. सांगा ना, आधी कुठली बाजू रंगवली? सावली डावीकडूनच का?"

ह्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "लई वर्षं झाली," एवढंच म्हणाले, आणि त्यांची नजर माझ्या हातांवर येऊन थांबली. मी हात पिशवीखाली घेतले. का घेतले, कुणास ठाऊक.

अण्णा मखमलीची घडी घालत होते. घडी नीट झाली तरी परत उलगडून परत घातली. मग ती दादाभाऊंच्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि एवढ्या वर्षांत मला 'अगं' आणि 'सूनबाई' सोडून काही न म्हणालेला तो माणूस, सुपारी घेताना बोलायचा त्या खणखणीत आवाजात म्हणाला,

"त्याला काय इचारती पोरी, त्याला सरळ रेघ येत न्हाई. दोन्ही बाजू आमच्या जयानं रंगवल्यात."