पाणटिवळ्याच्या पाठीवरून

आकार अंगठ्याच्या नखाएवढा, पण बर्फाचे डोंगर ओलांडून आलोय मी! पाखराच्या पाठीवर बांधतात तो टॅग मी. आपण कुठे आहोत हे उपग्रहांकडून समजून घ्यायचं आणि खाली कळवायचं, एवढंच माझं काम. थोडं ऊन मिळालं की माझं भागतं.

जन्मलो एका पांढऱ्याशुभ्र खोलीत, चिमट्यांच्या टोकांवर. तिथून आलो पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंच्या खणात. पाखरांना टॅग बांधायची परवानगी काही येईना. रबरबँड आणि वाळलेल्या पेनांच्या संगतीत दिवस काढताना वाटलं, संपलं, आपण इथेच सडणार.

मग एकदा खाडीच्या चिखलात बाईंनी मला पाणटिवळ्याच्या एका मादीच्या पाठीवर बांधलं. लांब चोच, लांब पाय, चिखल उपसून किडे खाणारं पाखरू. "दुखत नाही ना गं?" बाई तिला विचारत होत्या. ती काय सांगणार! तिचं काळीज असं धडधडत होतं की मीच घाबरलो.

थंडी ओसरली आणि एका संध्याकाळी तिचा थवा उठला. मला वाटलं, एक चक्कर मारून परततील. कसलं काय! खालचे दिवे विरळ झाले, मग दिवेच उरले नाहीत. डोंगरांवर हवा इतकी पातळ की माझंच अंग गोठलं. तिचे पंख मात्र थांबले नाहीत. कुठून आणलं होतं तिने एवढं बळ? आजही मला उलगडलेलं नाही.

डोंगर सरले तेव्हा तिच्यात काहीच उरलं नव्हतं. बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यामागे उथळ पाणी साचलं होतं, तिथे ती पडल्यासारखी उतरली. गंजके पत्रे, मोडके पंप. मी नाक मुरडलं. तिने पोटभर खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी पुढे उत्तरेला निघाली. परतताना डोंगर चढण्याआधी पुन्हा तिथेच थांबली.

खाडीवर पोचल्यावर माझा पट्टा झिजून सुटला. बाईंनी मला शोधून काढलं, रुमालाने पुसलं आणि संगणकाशेजारी ठेवलं. तिथे पडद्यावर मी पहिल्यांदा माझा सगळा प्रवास पाहिला. एक बारीकशी रेघ. मग बाईंनी तिच्यावर इतर टॅगांच्या रेघा चढवल्या. जिथे पाखरं उतरली तिथे ठिपके, उडाली तिथे रेघा. बघता बघता पडदाभर जाळं पसरलं. मला वाटत होतं, मी एकीची वाट वाहतोय. मी तर अर्ध्या आकाशाचा एक धागा होतो!

बाईंचा धाकटा भाऊ शहराच्या बसचे मार्ग आखतो. तो डबा द्यायला आला आणि खुर्ची ओढून तिथेच बसला.

"ताई, यातलं महत्त्वाचं ठिकाण कुठलं?"

"ही खाडी. सगळ्यात जास्त पक्षी इथेच."

"गर्दीचं सोड गं. कुठला थांबा बंद पडला तर सगळं अडेल, ते बघ."

दोघं एकेक ठिपका पुसू लागली. खाडी पुसली, रेघा विरळ झाल्या, पण जाळं टिकलं. मग कारखान्यामागचं तळं पुसलं. जाळ्याचे दोन तुकडे झाले. उत्तर तिकडे, दक्षिण इकडे, मध्ये एकही रेघ नाही.

"परत आण, परत आण तो!" भाऊ ओरडला, जणू खरंच काही तुटलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला. त्या तळ्यात ट्रकतळासाठी भराव पडायला लागला होता. पाखरं तिथे एक दिवस थांबतात, म्हणून आजवर कुणी ती मोजलीच नव्हती.

बाई मला घेऊन तळ्याच्या गावी गेल्या. तिथले नगर अभियंते आधी हसले. "बाई, एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी आम्ही ट्रक कुठे लावायचे?"

बाईंनी त्यांच्यापुढे जाळं ठेवलं. "तुम्हीच पुसा तळ्याचा ठिपका."

त्यांनी पुसला. जाळं पुन्हा दुभंगलं.

"दुसरीकडे कुठेतरी उतरतील की."

"तोवर त्यांच्या अंगात काही उरलेलंच नसतं, साहेब."

"मग मला ते बघायचंय," ते म्हणाले. वसंतापर्यंत भराव थांबला.

वसंतातल्या एका पहाटे आम्ही तळ्याकाठी होतो. मी बाईंच्या मुठीत. डोंगराच्या बाजूला आधी धूर दिसल्यासारखं झालं. मग धुराला पंख फुटले. आकाशातून पाखरं अक्षरशः गळत होती. काही तर उतरल्या जागीच डोळे मिटून उभी राहिली. अभियंते चांगल्या पँटीची पर्वा न करता ओल्या मातीत बसले. "एवढ्या लांबून?" त्यांनी विचारलं, पण इतक्या हळू, जणू कुणी आजारी माणूस शेजारी झोपलं असावं.

ट्रकतळ पुढे कोरड्या माळावर सरकला. तळ्याचा जो कोपरा बुजला, तो मात्र बुजलाच.

माझ्यात आता ऊन फारसं टिकत नाही. बाईंच्या खिडकीत पडलेला असतो. तुम्हाला सांगायचं ते इतकंच: पाखरू जिथे घटकाभर टेकतं, ती जागा बिनकामाची समजू नका.

त्या पहाटे मी तिला फार शोधलं. सगळ्या पाठी मोकळ्या, सगळ्या चोची चिखलात. माझी कोणती, कसं ओळखणार? दिवस कलला, कुणीतरी मान वर केली आणि अख्खा थवा उठला. बाईंनी मूठ उघडून मला आकाश दाखवलं. सवयीने मी माझं ठिकाण कळवलं: अजून इथेच. ती केव्हाच निघून गेली होती.