दाराखालचा पत्रा

मी एक जुनी, उघड्या टपाची मोटार आहे. मित्रांनो, माझा लाल रंग पाहून लोक अजूनही थबकतात. पण त्या रंगाखाली काय चाललं होतं ते मला आणि फक्त आणखी एका माणसाला ठाऊक होतं. त्या घोराने मी आतल्या आत झुरत होते.

माझे मालक घड्याळजी. दर सुट्टीला ते मला पुसून लख्ख करायचे. त्यांची लहानगी लेक मागे बसून वारा खायची. माझा कापडी टप मात्र शिवणीतून गळायचा. पाणी गालिच्याखाली मुरायचं, आणि ते निथळून जाण्यासाठी दाराखाली असलेली भोकं मातीने बुजली होती. तिकडे वेळेवर कुणी वाकून पाहिलंच नाही, आणि पत्रा आतून गंजत गेला.

पुढे मालकांचे हात थरथरू लागले आणि मी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिले. मग एक दिवस लेकीने मला बाहेर काढलं. आपल्या जुळ्या मुलींना मागे बसवून ती एक फेरफटका मारून आली. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव टांगणीला लागत होता. घरी परतलो, तर माझं दार लागेना.

दुसऱ्या दिवशी बापलेक मला पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेले. त्याने दाराखाली हातोडी ठोकली. टण, टण, मग भद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. पुट्टीचं ढेकूळ गळून पडलं, आणि मागोमाग वर्तमानपत्राचा बोळा.

"हिला वरून धरायला छत नाही, ताई. सगळा भार या पत्र्यावर. एखाद्या दिवशी मधोमध वाकली असती," तो म्हणाला. "हे कुणी भरलं?"

"मीच," घड्याळजी लेकीकडे वळून म्हणाले. "गंजाने पडलेलं भोक पाहिलं आणि घाबरलो. तुझी आई म्हणाली असती, विकून टाका. म्हटलं, झाकलं की झालं."

"आणि काल मी पोरींना घेऊन निघाले तेव्हा?"

लेक त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

कारागिराने दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा जोडून मला आधार दिला आणि कुजका पत्रा कापला. मी केसभर जरी वाकले असते, तरी दार कायमचं वाकडं बसलं असतं. नवा पत्रा तो वेल्डिंगचा एकेक टाका देत जोडत होता. घड्याळजी आपणहून माप घ्यायला बसले. हात थरथरत होते, पण नजर पक्की होती.

"थांबा, अर्धा मिलिमीटर सरकलंय," ते मध्येच म्हणाले. कारागीर थांबला, पत्रा निवू दिला, पुन्हा जुळवला. दुसऱ्या दाराखालीही तसंच निघालं; दोन्ही बाजूंना मिळून चार दिवस लागले.

शेवटी लेकीने दार लोटलं. ते अलगद बसलं. ती हँडलवर हात ठेवून म्हणाली, "बसा बाबा. पण यापुढे काही लपवायचं नाही."

मित्रांनो, आभाळ भरून आलं की मला अजूनही धाकधूक वाटते. म्हणून सांगते, नुसतं वरून पुसू नका. कधीतरी गुडघे टेकून खाली पाहा. आणि भोक दिसलं, तर ते बुजवण्याआधी घरात सांगा.