थांबलेली जोडपी

एलादिओ मास्तरांनी हवानात बासरी फुंकली की बंदरातली जहाजं नांगर तोडून गल्लीत शिरायची, असं ते स्वतःच सांगत. ऐकणाऱ्याने भुवई उंचावली तर जहाजं वाढवत. ब्रॉन्क्समध्ये मात्र त्यांच्या बासरीने कधी टॅक्सीसुद्धा थांबली नव्हती. त्यांच्या चरांगा बँडातली, म्हणजे बासरी-व्हायोलिनच्या ताफ्यातली, व्हायोलिनवाली मंडळी एकेक करून कारखान्यात गेली. उरला म्हातारा ओनेलिओ.

रविवारी दुपारी नाचाच्या हॉलचा मालक फर्मिन म्हणाला, "मास्तर, तुमचा मान आहेच. पण मानाने हॉल भरत नाही. आज लोक नाचले तर रविवार तुमचा. नाहीतर पुढच्या वेळेपासून ती ट्रॉम्बोनवाली पोरं."

"ती वाजवतात होय? मला वाटलं, ट्रक मागे घेताहेत."

फर्मिन हसला, पण बोलणं मागे घेतलं नाही.

मास्तरांनी दान्सोन काढलं, हवानाचं जुनं जोडीनृत्याचं संगीत. त्याची रीतच अशी, की सुरुवातीची धून चालू असताना पाऊल हलवायचं नाही. बायका पंख्याने वारा घेणार, पुरुष घाम टिपणार, शेजाऱ्यांची उणीदुणी निघणार. नाच त्यानंतर. आधी नाचेल तो गावंढळ. ब्रॉन्क्समध्ये सगळेच गावंढळ. पहिल्या सुराला उड्या मारायचे.

आज मात्र एकही जोडपं हललं नाही.

मास्तरांचे डोळे भरून आले. बासरी क्षणभर खाली घेऊन ते कुजबुजले, "ओनेलिओ, बघ! थांबलेत! रीत कळली रे यांना!"

"अरे, हाताची घडी घालून उभे आहेत ते."

"हवानातही उभेच राहायचे."

"हवानात घरी निघायचे कोट चढवून नाही उभे राहायचे, गाढवा."

मास्तरांनी नीट पाहिलं. कोटच होते. बायकांच्या पर्साही खांद्याला.

धून संपत आली. आता नाचाचा भाग. ओनेलिओने गज उचलला, तोच मास्तरांनी मान हलवली आणि धून पुन्हा पहिल्यापासून धरली. मग पुन्हा. मग आणखी एकदा.

"अरे, पुढे चल की!" ओनेलिओ फिसकारला.

मास्तर पुढे गेले नाहीत. ही धून चालू आहे तोवर लोकांनी उभं राहणं ही रीत होती. तिच्यापुढे गेलं, की ते नुसतं उभं राहणं झालं असतं.

फर्मिनने दिवे मालवले, तेव्हाही सुरुवातच चालू होती.