अर्धी गोळी

"तू हो पुढे, नंबर लाव. मी मागचा टायर बघून येतो," असे बायकोला सांगून शार्शेनने गाडीचे इंजिन बंद केले.

बुरुलचा उतरली. दार नीट लागले नाही, म्हणून तिने ते पुन्हा उघडून जोराने लोटले. मागच्या बाकावरून म्हातारा कादिराली ओरडला, "अरे, तिला एकटीला कुठं पाठवतोस? वाटेत रक्तदाब चढला म्हणजे?"

"काका, तिच्या दाबाला घाट लागत नाही. घरात बसल्या बसल्या चढतो तो."

गाडीत हशा पिकला. काच खाली होती, बुरुलचाने ऐकलेच असणार. तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि ती दवाखान्याच्या पायऱ्यांकडे चालू लागली.

तीन वाजता परत यायचे ठरवून प्रवासी नारीनच्या बाजारात पांगले. मग शार्शेन नदीच्या बाजूने गाडीमागे गेला, टायरपाशी उकिडवा बसला आणि आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात दोन पांढऱ्या गोळ्या होत्या. बाटलीतल्या घोटभर पाण्याबरोबर त्या त्याने घशाखाली उतरवल्या. कालही दोन घेतल्या होत्या, परवाही.

गोळ्या बुरुलचाच्या होत्या. तिला दाबाचा त्रास सुरू होऊन आठ वर्षे झाली होती आणि गावातली नर्स दर महिन्याला तिला मोजून तीस गोळ्या देत असे. शार्शेनचा स्वतःचा दाब चार वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात कळला. कुणीतरी हौसेने यंत्र आणले होते, जो तो दंड पुढे करत होता. त्याचा आकडा एकशे ऐंशीच्या वर गेला तेव्हा त्याने "यंत्रालाच चढलीय" म्हणून सगळ्यांना हसवले होते. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये, ड्रायव्हरच्या वैद्यकीय तपासणीआधी तीन दिवस, तो तिच्या डबीतून गोळ्या काढी. घरचीच तर डबी, यात चोरी कसली, असे तो मनाशी म्हणे. पण काढायच्या त्या ती गाईची धार काढायला गोठ्यात गेल्यावरच.

बावीस वर्षे तो आपल्या अतबाशी गावाहून दोलोन खिंड ओलांडून बिश्केकला प्रवासी गाडी नेत होता. दाबाचा आकडा वर गेला की प्रमाणपत्र जाणार, आणि मग गाडीवर दुसराच कुणी बसणार. त्या चाकाशिवाय आपण कोण, हे त्याला सांगता आले नसते.

दवाखान्यातल्या नर्सने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. थोरल्या भावाशी बोलावे तशी ती म्हणाली,

"एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. वा बैके, पंचविशीतला गडी शोभता!"

शार्शेन बाही खाली करत उठला. तेवढ्यात आतल्या खोलीतून डॉक्टरीण आली. जिपारा तिचे नाव, तिशीची असेल.

"थांबा, बैके. यंदा नवं यंत्र आलंय. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या ड्रायव्हरांना त्यावर घ्यायचं ठरलंय. दहा मिनिटं लागतील. बूटमोजे काढा आणि पडा इथे."

तो आडवा झाला. दोन्ही दंडांना पट्टे, दोन्ही घोट्यांना पट्टे, मनगटांना चिमटे, छातीवर एक थंड बटण. चारी पट्टे एकदम फुगले, तेव्हा पाय बांधून पाडलेल्या मेंढ्यासारखे त्याला वाटले. यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरणीने तो पाहिला, पुन्हा बटण दाबले आणि दुसरा कागदही पाहिला.

"बैके, रेडिएटरचा रबरी पाईप नवा असताना कसा असतो?"

"मऊ. दाबला की दबतो."

"आणि जुना?"

"कडक होतो. मग एखाद्या दिवशी..." तो थांबला.

"हृदयाचा ठोका पडला की त्याची लाट रक्तवाहिन्यांतून घोट्यापर्यंत जाते. वाहिनी लवचिक असली की लाट जिरवत जिरवत नेते. कडक झाली की लाट सुसाट सुटते. तुमच्या वयाला सेकंदाला चौदा मीटरच्या आसपास चाललं असतं. तुमची एकोणीस आहे. चोपन्न वर्षांच्या माणसात ही सत्तरीची वाहिनी."

"पण दाब तर आत्ताच बरोबर आला की."

"तो आज सकाळचा दाब. हे एका सकाळीत होत नाही, बैके." ती कागदाकडेच बघत होती. "आणि एका सकाळीत झाकताही येत नाही. गोळी घेता का कसली?"

"मी? छे! मला कसली गोळी!"

कान तापल्याचे त्याला जाणवले. डॉक्टरणीने त्याच्याकडे पाहिले असते तर बरे झाले असते; तिने पाहिलेच नाही. ती दारापर्यंत गेली आणि बाहेर बाकावर बसलेल्या बुरुलचाला तिने थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली.

"एजे, या ना आत. आलाच आहात तर तुमचंही करून टाकू."

शार्शेन कोपऱ्यातल्या स्टुलावर मोजे चढवत बसला. बुरुलचा आत आली, परक्यांसमोर मोजे काढायचे म्हणून भिंतीकडे वळली. टाचेला रफू केले होते, ते तिने पायाखाली दडवले. साधा दाब एकशे अठ्ठ्याहत्तर भरला. मग चारी पट्टे फुगले आणि कागद सरकला.

"एकवीस," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज आता शार्शेनशी बोलताना होता तसा राहिला नव्हता. "एजे, आठ वर्षं गोळ्या चालू आहेत तुमच्या. रोज घेता ना?"

"घेते."

"रोज एक?"

बुरुलचा छताकडे बघत होती. "अर्धी."

"अर्धी? अर्धी कुणी सांगितली? महिन्याला तीस मिळतात, त्यातल्या निम्म्या कुठे जातात?"

"राहतात."

"राहतात म्हणजे? अहो, गोळी डबीत ठेवून दाब उतरतो का? इतकं निष्काळजी असून कसं चालेल? उद्या घरात कोसळलात तर कोण जबाबदार? मी? ती नर्स? की हे?" तिने हाताने शार्शेनकडे दाखवले.

 बुरुलचाने डोळे मिटले. घोट्यांना पट्टे बांधलेल्या अवस्थेत ती आडवी होती आणि ऐकून घेत होती.

शार्शेनच्या हातात एक बूट होता. डबी कधी उणी कशी दिसली नाही, हे कोडे त्याला चार वर्षांत एकदाही पडले नव्हते. बायकोला मोजता येत नाही, असे तो धरून चालला होता. आता त्याला वाटले, तिने मोजले होते. आपण चोरणार म्हणून ती आधीच शिल्लक टाकत होती. त्याने बूट पायात घालायचा प्रयत्न केला. तो डावा होता आणि पाय उजवा.

"ती निष्काळजी नाही," तो म्हणाला. त्याने पुन्हा सांगितले, "ती नाही निष्काळजी. तिच्या गोळ्या मी घेतल्या. तपासणी आली की घेतो. आजही घेतल्यात, खाली, गाडीमागे."

नर्सच्या हातातला पेन थांबला.

"किती?" डॉक्टरणीने विचारले.

"वर्षाला सहा. कधी आठ."

"वर्षाला आठ गोळ्यांनी..." तिने एकदा बुरुलचाकडे पाहिले आणि वाक्य सोडून दिले.

"अजून एक आहे," शार्शेन बुटाकडे बघत म्हणाला. आता थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, हे त्याला कळत होते. "फेब्रुवारीत खिंडीच्या खालच्या वळणावर माझ्या डाव्या डोळ्यापुढे अंधार आला. चार-पाच सेकंद. गाडी पलीकडच्या बाजूला गेली. समोरून ट्रक होता, त्यानं भोंगा वाजवला म्हणून वाचलो. चौदा माणसं होती. बर्फ चमकलं, असं सांगितलं मी त्यांना."

 बुरुलचाने डोळे उघडले होते.

डॉक्टरणीने प्रमाणपत्राचा कागद उचलून खणात ठेवला. फाडला नाही. तीन महिने रोज गोळी, तीही स्वतःच्या नावाची. मग पुन्हा हे यंत्र. मग बघू, असे ती म्हणाली. "वाहिन्या पुन्हा नव्या होत नाहीत, पण दाब आवरला तर आणखी कडक होणं लांबवता येतं. चालत जा, वजन उतरवा. आणि मीठ. आपल्याकडे निम्मा रोग मिठात आहे. आपण चहातही मीठ घालतो, ते तर चिमूटभरसुद्धा नको. दोघांनाही." मग ती बुरुलचाकडे वळली. "एजे, रागावले ते मनात ठेवू नका."

बुरुलचाने मान हलवली. तिचा चेहरा एकदम उतरला होता.

तीन वाजता प्रवासी गाडीपाशी जमले. शार्शेन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि किल्ली मुठीत धरून म्हणाला, "मला आज गाडी चालवायची नाही. दाब आहे मला, जुना आहे. बाजारातून तालाय ड्रायव्हरला बोलावलंय, तो नेईल सगळ्यांना."

कादिराली खो खो हसला. मग दुसरे कुणीच हसत नाही असे पाहून त्याने हातातली पिशवी उगाच खाली ठेवली, पुन्हा उचलली. एक बाई म्हणाली, "म्हणजे हिवाळाभर तुम्ही असेच...?" ती फेब्रुवारीत गाडीत होती. शार्शेनने तिच्याकडे पाहून मान खाली घातली.

तालाय यायला वेळ होता. बुरुलचा दूर नदीकाठच्या बाकावर जाऊन बसली होती. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. नदीला वितळलेल्या बर्फाचे गढूळ पाणी आले होते.

"माझ्यासाठी शिल्लक टाकत होतीस," तो म्हणाला. "मला कळलंच नाही."

"शिल्लक नव्हते टाकत."

"मग?"

"उरलेली अर्धी तुमच्या चहात जायची."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"लग्नात तुमचा आकडा आला ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "वाटीत चमच्याच्या पाठीनं भुगा करायचा, नि तुम्ही निघायच्या आधी चहात. सांगून घेतली असतीत तुम्ही? मला दाब म्हणजे तुम्हाला हसायला विषय. आणि नर्सकडे जादा मागू तर कुणाच्या नावानं? गावभर झालं असतं. तुम्ही एप्रिलमध्ये काढायचात ते वेगळं. त्या आठवड्यात मला काहीच नसायचं."

"रोज? चार वर्षं?"

"रोज. फेब्रुवारीत तेवढे चार दिवस बहिणीकडे गेले होते. तिच्या सुनेचं बाळंतपण होतं. चहा तुमचा तुम्हीच करून प्यायलात."

शार्शेनने ते चार दिवस मनात मोजून पाहिले. डोळ्यापुढे अंधार आला ते वळण त्यांतल्या तिसऱ्या दिवशीचे होते. बावीस वर्षांत एकही अपघात नाही, हे तो प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगत असे; हात स्थिर लागतो, असे म्हणत असे. त्याने आपले हात गुडघ्यांवरून उचलून मांड्यांखाली सरकवले. मघाशी लोकांसमोर उभे राहून आपण सगळे कबूल केले, असे त्याला वाटले होते. आपल्याला काय कबूल करायचे होते, तेच त्याला ठाऊक नव्हते.

"बुरुलचा, सकाळी गाडीत मी जे बोललो..."

तिचे लक्ष नव्हते. डॉक्टरणीने दिलेला कागद ती घडी घालून पुन्हा उलगडत होती.

"मिठाचं सांगितलं ते खरं असेल का हो?"

"असेल. शिकलेली बाई आहे."

"निम्मा रोग म्हणाली."

"हो."

तिने कागदाची आणखी एक घडी केली. "भुगा कडू असतो. तुम्हाला कळू नये म्हणून मी तुमच्या चहात मीठ दुप्पट घालत होते. चार वर्षं."

एवढे बोलून तिने रुमालाचे टोक ओढून तोंडावर घेतले. ती रडत नव्हती. वडील गेले तेव्हा ती रडलेली त्याने पाहिली होती. हे तसे नव्हते. मघाशी त्या खोलीत हातात बूट घेऊन बसताना त्याला जे होत होते, तेच आता तिला होत होते.  तो म्हणाला,

"चहा चांगला लागायचा."

"खोटं नका बोलू," ती रुमालाआडून म्हणाली.

पुलावरून तालाय हात हलवत येताना दिसला. शार्शेनने त्याला हात केला नाही.

"खारट लागायचा," त्याने कबूल केले.