कुलकर्ण्यांची रांग

वल्लरीची आठ महिन्यांची मेहनत सोमवारी वासुदेवअण्णांच्या एका सहीवर अडणार होती, आणि अण्णा सहजासहजी सही करणाऱ्यांतले नव्हते. हेब्बाळच्या तिच्या कंपनीत इंटरनेटचे संदेश वाटेला लावणारे स्विच बनत. तिचा आराखडा असा की प्रत्येक संदेशाला चिठ्ठी टाकून कुठलीही एक वाट द्यायची, म्हणजे गर्दी आपोआप पांगते. अण्णा कंपनीचे सल्लागार, सगळी हयात सरकारी टेलिफोन कारखान्यात गेलेली. हा तर निव्वळ मटका, असं त्यांनी तिला तोंडावर सुनावलं होतं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता. रविवारी चामराजपेटच्या मंडळात पाडव्याचं जेवण होतं, तिथेही ती फाइल पिशवीत घालूनच आली.

जेवणाची व्यवस्था अर्थातच अण्णांची. सहा टेबलं, सगळीकडे तेच पदार्थ, आणि आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे रांगा. कागदावर कशी देखणी! पण अहो, मराठी मंडळ ते. कुलकर्णी, काळे, कदम, पुन्हा कुलकर्णी. ‘क’ची रांग फाटकाबाहेर गेली, आणि ‘ट ते ढ’च्या टेबलावर एकटे टिळेकर तिसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होते. लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. अण्णा यादी धरून घामाघूम.

वल्लरीला राहवेना. मंडळाच्या कपाटातून तिने सापशिडीचा फासा काढला आणि म्हणाली, ज्याला जो आकडा पडेल, त्याने त्या टेबलावर जावं. अण्णा वैतागून कानडीत नुसतं "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले. मग काय मजा! कदमकाकूंना सहा पडला तर टाळ्या पडल्या. पाव तासात अण्णा सोडून सगळ्यांच्या हातात ताटं होती.

अण्णा तरी हटेनात. "सगळ्यांना सहाच पडला असता तर?"

"पडू शकतो, अण्णा. पण कुणाला मुद्दाम पाडता येत नाही. तुमची यादी कुलकर्ण्यांनी बुडवली. फाशाला कुलकर्णी कोण, हेच ठाऊक नाही."

हातच्या कंकणाला आरसा कशाला? अण्णा स्वतः कुलकर्णीच, आणि अजून उपाशी. त्यांनी निमूट फासा टाकला. तीन पडला. तिसऱ्या टेबलावर पोटभर जेवले, हात धुऊन आले आणि तिच्याकडे फाइल मागितली.

वल्लरीने ती पिशवीतून काढून पुढे केली. अण्णांनी शेवटच्या पानावर सावकाश लिहिलं: मंजूर. वासुदेव कुलकर्णी, टेबल तीन.